बाळू पालवणकर : तीन रुपये पगाराचा स्पिनर

आपल्या मुरुडला रविवारी टेनिस बॉलची मॅच असली की एक नियम ठरलेला. बॅट ज्याची, पहिली बॅटिंग त्याची. बाकीच्यांनी उन्हात बॉलिंग टाकत बसायचं! हा अन्याय सोसणाऱ्यांनी बाळू पालवणकर यांची गोष्ट जरूर वाचावी.

बाळूंचा जन्म धारवाडचा, साधारण १८७५-७६ सालचा. घराणं मूळचं कोकणातलं, चर्मकार समाजातलं. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचे भाऊ क्रिकेट शिकले. पहिली नोकरी पारशांच्या मैदानावर. झाडलोट करायची, पिचवर रोलर फिरवायचा, पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात आले आणि पगार झाला ४ रुपये.

इथे नेटमध्ये साहेबांना बॉलिंग टाकायची संधी मिळाली. डाव्या हाताची संथ फिरकी. पुढे हॅम्पशायरकडून खेळलेला ग्रेग हा क्लबातला पट्टीचा बॅट्समन. आपल्याला आउट केलं की तो बाळूंना दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. हजारो बॉल टाकून हात तयार झाला. पण बॅट? ती मात्र कुणी हातात दिली नाही. बॅटिंग हे साहेबांचं काम!

मग पुण्याच्या हिंदू संघाला बाळू हवेसे वाटले. गोऱ्यांना हरवायचं तर हा माणूस पाहिजेच. घ्यावं की न घ्यावं यावर बराच खल झाला, शेवटी घेतलं. मैदानावर सगळे एकच बॉल हाताळायचे. चहाची वेळ झाली की इतरांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीचे कप आणि बाळूंना बाहेर मातीचं भांडं. जेवणाचं ताटही वेगळं. बॉल चालतो, कप चालत नाही, हे लॉजिक आम्हाला तरी कुठल्याच सेमिस्टरला शिकवलेलं नाही.

१८९६ मध्ये प्लेगच्या साथीत ते मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ रन्सनी हरवलं, त्या विजयात बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम दोघेही होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक मॅचेस हरला, पण खांदा दुखत असतानाही बाळूंनी ११४ विकेट्स काढल्या, सरासरी १८.८४! फर्स्ट क्लास कारकिर्दीत ३३ सामन्यांत १७९ विकेट्स. भारताची पहिली टेस्ट १९३२ सालची, तोवर त्यांचं वय निघून गेलं होतं.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२० मध्ये उपकर्णधारपदावर बोळवण झाली. १९२३ मध्ये मात्र धाकटे भाऊ विठ्ठल कॅप्टन झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली.

पुढचा भाग अवघड आहे. तरुणपणी डॉ. आंबेडकरांना बाळूंचं मोठं कौतुक होतं. पण १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत त्यांना थेट बाबासाहेबांसमोरच उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. ही मॅच बाळू हरले. त्यांनी उभं राहायलाच नको होतं, असं आमच्या रूमवर अजून काही जण म्हणतात, आणि त्यावरून भांडणंही होतात.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचं निधन झालं.