शाळेचा नकाशा कोण काढतो?

न्या. थरगूड मार्शल हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्याचे विजयी वकील, एवढी त्यांची ओळख आपण करून देतो आणि तिथेच थांबतो. त्या निकालानंतरची वीस वर्षे चळवळीच्या दृष्टीने अधिक अभ्यासण्यासारखी आहेत. कायदा बदलला, पण कोणत्या मुलाला कोणत्या शाळेत घालायचे हे ठरविण्याचा अधिकार जुन्याच हातांत राहिला. मार्शल यांचे उत्तरायुष्य या अधिकाराशी झुंजण्यात गेले.

त्यांचा जन्म २ जुलै १९०८ रोजी बाल्टिमोर शहरात झाला. आई शिक्षिका, तर वडील रेल्वेत आणि पुढे गोऱ्यांच्या क्लबात वाढप्याचे काम करीत. वडिलांना खटले ऐकण्याचा नाद. मुलांशी ते घरीही वाद घालीत आणि प्रत्येक विधानाला पुरावा मागत. वकिलीचे पहिले धडे मार्शल यांना घरातच मिळाले. बाल्टिमोरच्या शाळा रंगानुसार वेगळ्या होत्या. मेरिलँडच्या सरकारी विद्यापीठातील कायदा शाखेचे दारही काळ्यांना बंद होते. म्हणून ते रोज रेल्वेने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जात. तिथे चार्ल्स ह्यूस्टन हे गुरू लाभले. वकिलाने समाजाच्या कामी यावे, नाहीतर तो समाजाला भार होतो, ही ह्यूस्टन यांची शिकवण. १९३३ साली मार्शल वर्गात पहिले आले आणि दोनच वर्षांनी गुरू-शिष्यांनी मिळून मेरिलँडच्या त्याच विद्यापीठाला एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास प्रवेश देणे न्यायालयातून भाग पाडले.

पुढची वीस वर्षे ते दक्षिणेतल्या गावोगावी फिरले. काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मिळावा, काळ्या मतदारांना मत देता यावे, खोट्या आरोपात अडकलेल्यांना फाशी होऊ नये, यासाठी ते लढले. जिवावरचे प्रसंगही त्यांच्यावर आले. दक्षिण कॅरोलिनातील क्लॅरेंडन काउंटीत गोऱ्या मुलांसाठी ३० बसगाड्या होत्या आणि काळ्यांसाठी एकही नव्हती. तिथल्या पालकांची पहिली मागणी फक्त एका बसची होती. ती नाकारली गेली आणि त्यातून उभा राहिलेला खटला ब्राउन खटल्यासोबत सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १७ मे १९५४ रोजी सर्व न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की वेगळ्या शाळा समान असूच शकत नाहीत. आपल्या राज्यघटनेच्या कलम २९(२) ने सरकारी शाळेत वंश वा जातीवरून प्रवेश नाकारण्यास १९५० मध्येच मनाई केली होती, याची इथे आठवण ठेवावी.

खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. १९५५ च्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने अंमलबजावणी स्थानिक शिक्षण मंडळांवर सोपविली आणि मुदत घातली नाही. म्हणजे ज्यांनी भेद केला, त्यांच्याकडेच तो मिटविण्याचे काम! दक्षिणेतील राज्यांनी लगेच विद्यार्थी-वाटपाचे नवे कायदे केले. त्यांत रंगाचा उल्लेख नव्हता. मुलाची कुवत, मानसिक जडणघडण, शाळेतील जागा, अशा सोवळ्या निकषांची यादी मात्र होती. प्रत्येक काळ्या मुलाने स्वतंत्र अर्ज करायचा, तो फेटाळला की अपील करायचे, आणि तोवर वर्ष संपलेले असायचे. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सरकारी शाळाच बंद ठेवल्या. काळी मुले शेजारी बसण्यापेक्षा कोणीच शिकू नये, ही ती मानसिकता!

१९६७ मध्ये मार्शल स्वतः सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. १९६८ च्या ग्रीन खटल्यात न्यायालयाने ठरविले की पालकांना निवडीची मोकळीक दिली एवढ्याने मंडळाची जबाबदारी संपत नाही; दुहेरी व्यवस्था मुळासकट मोडलीच पाहिजे. १९७१ च्या शार्लट शहराच्या खटल्यात त्यापुढचे पाऊल पडले. शाळांच्या हद्दी नव्याने आखा, दोन वस्त्यांच्या शाळा जोडा, गरज पडल्यास मुलांना बसने दुसऱ्या भागात न्या, असे आदेश देण्याचा न्यायालयाचा अधिकार एकमताने मान्य झाला. एकेका मुलाचा अर्ज मागे पडला आणि साऱ्या शहराचे नियोजन न्यायाच्या कक्षेत आले. कालपर्यंत काळ्या मुलांना जवळच्या गोऱ्या शाळेवरून पुढे नेऊन दूरच्या शाळेत टाकणारी बस ज्यांना खुपत नव्हती, त्यांना आता तीच बस जुलमी वाटू लागली.

डेट्रॉईटच्या खटल्यात ही वाट अडली. तिथल्या शिक्षण मंडळाने शाळांच्या हद्दी आणि नव्या इमारतींच्या जागा अशा निवडल्या होत्या की भेद कायम राहावा, हे कनिष्ठ न्यायालयात सिद्ध झाले होते. पण गोरी कुटुंबे उपनगरांत निघून गेली होती. शहरापुरते वाटप करून काय साधणार? म्हणून डेट्रॉईट आणि ५३ उपनगरी मंडळे मिळून एक योजना करण्याचा आदेश झाला. २५ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. मार्शल यांनी कठोर विरोधी मत नोंदविले. मंडळांच्या हद्दी राज्यानेच आखलेल्या आहेत, शिक्षणाची जबाबदारी राज्याची आहे, मग त्या रेषेआड राज्याला लपता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशाने एकेका महानगराचे काळे आणि गोरे असे दोन भाग पडतील, हा त्यांचा इशाराही खरा ठरला. १९९१ मध्ये ते निवृत्त झाले आणि २४ जानेवारी १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

रंगाचा शब्द न उच्चारता भेद टिकविणारे नियम आपल्याला अनोळखी आहेत काय? खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के जागांचे बंधन तिला लागू नाही, अशी अधिसूचना महाराष्ट्र शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी काढली. तिच्यात जातीचे नाव नव्हते, फक्त अंतर होते. त्या अंतरापायी कोणाची मुले दाराबाहेर राहिली असती, हे सांगायला नको. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली.

म्हणून निकाल लागला की जल्लोष करून घरी जाणे आपल्याला परवडणारे नाही. प्रवेशाचे नियम, शाळेची हद्द, नव्या शाळेची जागा, बंद होणाऱ्या शाळेचा ठराव हे कागद प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्याने मागवून वाचले पाहिजेत. समता घटनेत लिहिली गेली आहे. ती मुलाच्या बाकापर्यंत पोहोचते की नाही, हे या कागदांवर ठरते.