अणू कुणी पाहिला नव्हता, तेव्हा त्याच्या धावपळीतून तापमानाचा हिशोब मांडणारा बोल्ट्झमन

उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं. माठ पाझरतो, बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होते आणि आतलं पाणी थंड होतं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण पाणी उकळत नसताना त्याची वाफ होतेच कशी? आणि वाफ गेल्यावर मागे गारवा का राहतो?

याचं उत्तर ज्या गणितात आहे, त्यासाठी एका माणसाने अख्खं आयुष्य खर्ची घातलं. त्याचं नाव लुडविग बोल्ट्झमन.

२० फेब्रुवारी १८४४ रोजी ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात त्याचा जन्म झाला. वडील कर खात्यात अधिकारी. तो १५ वर्षांचा असताना वडील गेले. पुढे तो व्हिएन्ना विद्यापीठात जोसेफ स्टेफान यांच्या हाताखाली शिकला, १८६६ साली डॉक्टरेट मिळवली आणि वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी ग्राझ विद्यापीठात प्राध्यापक झाला.

त्या काळात काही शास्त्रज्ञ एक वेगळीच गोष्ट मांडत होते. पदार्थ अणू-रेणूंचा बनलेला असतो आणि हे कण कधीच स्वस्थ बसत नाहीत. लोखंडाच्या तुकड्यात ते जागच्या जागी थरथरतात, पाण्यात एकमेकांना ढकलत सरकतात, हवेत तर सुसाट पळतात. आपल्या खोलीतल्या हवेचे रेणू साधारण सेकंदाला ५०० मीटर या वेगाने धावत असतात. ही धावपळ वाढली की वस्तू गरम, कमी झाली की थंड.

पण सगळे कण एकाच वेगाने पळत नाहीत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० साली वायूच्या रेणूंमध्ये वेग कसे वाटले जातात ते दाखवलं होतं. बोल्ट्झमनने १८६८ पासून हा हिशोब आणखी पुढे नेला. अमुक तापमानाला किती कणांकडे किती ऊर्जा असेल, याचा नियमच त्याने मांडला. काही कण रेंगाळणारे, बरेचसे मधल्या वेगाचे आणि थोडे अतिवेगवान. या धावपळीच्या ऊर्जेची सरासरी म्हणजे तापमान. म्हणजेच एकट्या अणूला तापमान नसतं. ते गर्दीचं असतं.

आता माठाकडे परत या. पाण्याच्या पृष्ठभागावरून निसटतात ते मुख्यतः सगळ्यात चपळ रेणू. ते गेले की उरलेल्यांची सरासरी खाली येते. वर्गातली सगळ्यात हुशार मुलं निघून गेली की वर्गाची सरासरी घसरते, तसंच. म्हणून पाणी गार.

१८७७ साली बोल्ट्झमनने आणखी मोठा प्रश्न हाती घेतला. गरम चहा आपोआप निवतो, पण निवलेला चहा आपोआप गरम का होत नाही? त्याचं उत्तर होतं, शक्यतांचा खेळ. ऊर्जा असंख्य कणांमध्ये पसरण्याचे मार्ग प्रचंड असतात, एका कपात गोळा होण्याचे त्या मानाने नगण्य. म्हणून उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते.

अडचण एकच होती. अणू कुणी पाहिला नव्हता.

व्हिएन्नातलेच अर्न्स्ट माख यांचं म्हणणं होतं की जे अनुभवाला येत नाही, त्याला विज्ञानाने खरं मानू नये. रसायनशास्त्रातलं मोठं नाव असलेले विल्हेल्म ओस्टवाल्ड सगळं विश्व फक्त ऊर्जेतून समजावून सांगू पाहत होते. १८९५ साली जर्मनीत ल्यूबेकच्या परिषदेत बोल्ट्झमन आणि ओस्टवाल्ड यांच्यात जोरदार वाद झाला. गंमत म्हणजे दोघांची वैयक्तिक मैत्री होती आणि १९०० मध्ये बोल्ट्झमन लाइपझिगला ओस्टवाल्ड यांच्याच विद्यापीठात नोकरीला गेला.

विरोधामुळे त्याने जीव दिला, अशी गोष्ट आज सर्रास सांगितली जाते. खरं चित्र इतकं सरळ नाही. युरोपभर त्याला मान होता, विद्यापीठं त्याला बोलावत होती. पण कधी प्रचंड उत्साह, तर कधी खोल नैराश्य असे झटके त्याला वर्षानुवर्षं येत होते. १८८९ मध्ये त्याचा ११ वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या आजाराने गेला. नजर अधू होत गेली. शेवटी शिकवणंही झेपेना. ५ सप्टेंबर १९०६ रोजी, कुटुंबासोबत ट्रिएस्टजवळच्या दुईनो इथे सुट्टीवर असताना त्याने आयुष्य संपवलं. तेव्हा तो ६२ वर्षांचा होता.

चटका लावणारी गोष्ट अशी की त्याला हवा असलेला पुरावा तेव्हा उंबरठ्यावर आला होता. १९०५ मध्येच अल्बर्ट आइन्स्टाइनने पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांची सतत चाललेली वेडीवाकडी हालचाल रेणूंच्या धक्क्यांमुळे होते, असं गणिताने दाखवलं होतं. १९०८ पासून फ्रान्सच्या झ्याँ पेराँ यांनी प्रयोगांनी ते पक्कं केलं. त्यानंतर खुद्द ओस्टवाल्ड यांनीही अणू मान्य केले.

व्हिएन्नातल्या बोल्ट्झमनच्या समाधीवर आज त्याचं शक्यतांचं सूत्र कोरलेलं आहे. त्यातल्या स्थिरांकाला त्याचंच नाव आहे. कणांची ऊर्जा आणि तापमान यांना जोडणारा हा आकडा. २० मे २०१९ पासून तापमानाचं केल्विन हे एकक याच आकड्यावर ठरवलं जातं. त्याआधी त्यासाठी पाण्याचा आधार घ्यावा लागत असे.

म्हणजे ज्या अणूंच्या अस्तित्वासाठी तो आयुष्यभर भांडला, त्यांच्याच धावपळीवरून आज जगाचं तापमान मोजण्याचं माप ठरतं.