व्यसनमुक्तीचे कीर्तनकार : श्रीसंत गाडगे महाराज

डोक्यावर मातीचे गाडगे, अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि हातात खराटा. असा हा महापुरुष अर्धशतक महाराष्ट्राच्या गावोगाव फिरला. गावातली घाण त्याने दिवसा खराट्याने झाडली आणि माणसांच्या मनातली घाण रात्री कीर्तनाने झाडली. श्रीसंत गाडगे महाराजांच्या स्वच्छतेची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु दारूच्या व्यसनाविरुद्ध बाबांनी जन्मभर जो लढा दिला, त्याचे मूळ त्यांच्या स्वतःच्या घरातील दुःखात होते, हे पुष्कळांना माहीत नसते. देवालयाच्या जीर्णोद्धाराच्या या मंगलप्रसंगी त्या चरित्राचे स्मरण करणे सर्वस्वी उचित होय.

जन्म व पितृवियोग

बाबांचा जन्म दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुळात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे नाव सखूबाई आणि आडनाव जानोरकर. मुलाचे नाव डेबूजी ठेवण्यात आले. घरची स्थिती मूळची बरी होती. झिंगराजी स्वभावाने वाईट नव्हते. परंतु त्या काळी देवकार्य म्हटले की बकरे आणि बकऱ्याबरोबर दारू, असा रिवाज होता. बारसे असो, लग्न असो, नवस फेडणे असो की तेरावे असो, जातभाईंच्या पंगतीत दारू फिरलीच पाहिजे. जो पाजणार नाही तो कंजूष आणि जो पिणार नाही तो जातीबाहेरचा, अशी समजूत होती. झिंगराजींनी पहिला पेला घेतला तो अशाच कोणत्यातरी देवाच्या नावाने व भाऊबंदांच्या आग्रहाने घेतला असणार. पुढे पेला हातातून सुटला नाही. शेत गेले, गुरे गेली, घरदार गेले आणि शेवटी देहही गेला. त्या वेळी डेबूजी अवघा आठ वर्षांचा होता.

चरित्रकार सांगतात की, शेवटच्या दिवसांत झिंगराजींना आपल्या जन्माचा फार पश्चात्ताप झाला. ज्या देवांच्या नावाने बकरी मारली आणि दारू प्यायली त्या देवांपासून व त्या दारूपासून आपल्या पोराला दूर ठेव, असे त्यांनी सखूबाईंना निक्षून सांगितले. पंगतीला पुष्कळ बसले होते, परंतु पडत्या काळी सावरायला कोणी आले नाही. ही गोष्ट सखूबाई विसरल्या नाहीत आणि डेबूजीही विसरला नाही.

दापुऱ्याचे दिवस

विधवा सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे भावाच्या आश्रयाला आल्या. मामा चंद्रभानजी कष्टाळू शेतकरी होते. डेबूजी मामाची गुरे राखू लागला, नांगर धरू लागला, पाभरीवर चालू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. परंतु सोबतचे गुराखी जमवून रात्री भजन म्हणण्याचा त्याला मोठा नाद होता. दिवसभर राबलेल्या तरुण पोरांना रात्री बसायला एक जागा मिळाली, टाळ मिळाले, सोबत मिळाली. गुत्त्याकडे जाणारे पाय भजनाकडे वळवायचे असतील तर नुसता उपदेश पुरत नाही, बसायला दुसरी जागा द्यावी लागते, हे या मुलाला पुस्तक न वाचता कळले होते.

पुढे सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गुंतली. अक्षरओळख नसलेल्या मामांनी ज्या कागदांवर अंगठे दिले, त्या कागदांनीच त्यांचा घात केला. त्या धसक्याने मामा गेले. दारूने बाप नेला आणि कर्जाने मामा नेला. बाबांच्या पुढील सर्व कीर्तनांत दारू नको, कर्ज नको आणि पोरांना शाळेत घाला, या तीन गोष्टी वारंवार का येत, याचे उत्तर या दोन मरणांत आहे.

बारशाची पंगत

सन १८९२ मध्ये डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. यथावकाश कन्यारत्न झाले. बारशाचा दिवस ठरला, जातभाईंना बोलावणे गेले. मंडळी आली ती मटणाच्या व दारूच्या अपेक्षेने. परंतु पानावर आले ते गोडाचे जेवण. दारूचा थेंबही नव्हता. पंगतीत कुजबुज सुरू झाली. मंडळी नाराज झाली. रूढी मोडली म्हणून बोल लावण्यात आला. तरुण डेबूजी हात जोडून उभा राहिला, पण ढळला नाही.

आज ही गोष्ट लहान वाटेल. परंतु त्या काळी जातीच्या पंचांना दुखावणे म्हणजे उद्या मुलीच्या सोयरिकीला, मरणाच्या खांद्याला कोणी न येणे होय. हा धोका पत्करून डेबूजींनी आपल्या दारापासून सुरुवात केली. त्यांनी कोणाला शिवी दिली नाही किंवा कोणाला उठवून लावले नाही. सर्वांना पोटभर जेवू घातले. फक्त पानावरचा पदार्थ बदलला. ज्या पंगतीने बापाला दारू शिकवली, ती पंगतच सुधारली पाहिजे, हे या बारशाचे मर्म होय.

गृहत्याग व लोकसेवा

ऋणमोचन हे पूर्णेकाठचे तीर्थक्षेत्र. तेथील जत्रेत नदीची दरड चिखलाने निसरडी होई. म्हातारी माणसे व पाण्याच्या घागरी घेतलेल्या बाया घसरून पडत. डेबूजी तेथे जाऊन वाट नीट करीत, लोकांना हात देऊन वर घेत. पुढे लोकवर्गणीतून तेथे घाट बांधला गेला. दि. १ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले आणि अखेरपर्यंत लोकांचा संसार हाच आपला संसार मानला. हातातल्या मडक्यामुळे लोक त्यांना गाडगे महाराज म्हणू लागले.

मूर्तिजापूर, नाशिक, आळंदी, पंढरपूर अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. अन्नछत्रे, गोरक्षण, विद्यालये, वसतिगृहे निघाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा बांधली. लाखो रुपये जमले, परंतु बाबांनी स्वतःसाठी वा मुलाबाळांसाठी त्यातला पैसाही घेतला नाही. दात्यांनी दिलेला पैसा दात्यांनी सांगितलेल्या कामालाच लागला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. सन १९५२ मध्ये या सर्व कार्यासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले.

कीर्तनाची रीत

बाबांची रीत न्यारी होती. गावात आले की कोणाशी न बोलता खराटा घेऊन झाडायला लागत. आधी लहान पोरे जमत, मग बायामाणसे येत, शेवटी पाटील व प्रतिष्ठित मंडळीही लाजून खराटा हाती घेत. संध्याकाळपर्यंत गाव आरशासारखे लख्ख होई आणि एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे दिवसभर एका कामात गुंतलेली असत. मग रात्री कीर्तन. गोपाळाच्या नावाचा गजर होई आणि बाबा आपल्या वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत.

हे प्रश्नच बाबांचे शस्त्र होते. दारूवर पैसे किती गेले, त्या पैशांत घरात काय आले असते, पोराची पाटी का आली नाही, जत्रेचे बकरे कोणाच्या कर्जातून आले, असे एकामागून एक प्रश्न येत आणि श्रोत्यांना मोठ्याने उत्तर द्यावे लागे. हिशोब बाबा मांडीत, पण बेरीज गावकरी करीत. स्वतःच्या तोंडाने दिलेले उत्तर माणसाला विसरता येत नाही. शिवाय ते उत्तर बायकोने, पोरांनी, शेजाऱ्यांनी, सर्व गावाने ऐकलेले असे. दारू सोडण्याची प्रतिज्ञा बाबा एकट्यादुकट्याकडून कोपऱ्यात घेत नसत, ती भर सभेत होई. त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्या माणसाला पेला देणाऱ्याचीही मान खाली जाई. देवापुढे पशुहत्या करू नये, हाही त्यांचा आग्रह असे. बकरे थांबले की त्याच्याबरोबरची दारूही थांबते, हे त्यांना घरच्या अनुभवाने माहीत होते.

बाबा दारूचा द्वेष करीत, दारुड्याचा करीत नसत. प्रत्येक पिणाऱ्यात त्यांना झिंगराजी दिसत असले पाहिजेत. म्हणूनच त्यांच्या बोलण्यात कडकपणा असे, परंतु त्यामागे माया असे आणि लोक ते सोसून घेत.

वारसा

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईस वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे अखेरचे प्रसिद्ध कीर्तन झाले. देह थकला होता, पण प्रश्न तेच होते. दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे प्रवासातच त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी अमरावतीस गाडगेनगरात आहे.

बाबांच्या मागे हे कार्य थांबले नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजनांतून व्यसनमुक्त गावाचा विचार घरोघर पोचवला. सन १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गडचिरोली जिल्ह्यात गावोगावच्या लोकांनी, विशेषतः माताभगिनींनी चिकाटीने केलेल्या आंदोलनामुळे १९९३ साली जिल्हाभर दारूबंदी झाली. गावच्या स्त्रियांनी मतदानाने आडवी बाटली करून दारूची दुकाने बंद पाडल्याची उदाहरणे महाराष्ट्रात अनेक आहेत.

व्यसन हा केवळ स्वभावदोष नसून आजार आहे, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार होऊन जीवावर बेतू शकते. म्हणून शपथेबरोबरच डॉक्टरांचा सल्ला हवा. सुटलेले व्यसन पुन्हा लागू शकते. तसे झाले तर त्या माणसाची टवाळी न करता त्याला पुन्हा उपचारास न्यावे. उपचार घेऊन परतलेल्या माणसाला गावात काम मिळणे, पंगतीत मान मिळणे, संध्याकाळी बसायला चांगली संगत मिळणे, हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. दापुऱ्याच्या गुराख्यांच्या भजनात हेच घडत होते.

झिंगराजींच्या मरणाचा दोष एकट्या झिंगराजींचा नव्हता. दारू त्यांच्या ओठी लागली ती देवाच्या नावाने आणि भाऊबंदांच्या हाताने. जे गावाने दिले ते गावालाच परत घ्यावे लागते. देवालयाचा नवा कळस उभा राहिला, सभामंडप प्रशस्त झाला, दात्यांच्या उदार हातांनी हे कार्य सिद्धीस गेले, ही श्रीकृपाच होय. आता या मंडपात रोज संध्याकाळी भजनाला बसणाऱ्यांत तो माणूसही असावा, ज्याला काल गुत्त्याखेरीज बसायला जागा नव्हती. त्याच्यासाठी सतरंजीवर थोडे सरकून जागा करणे, हाच खरा जीर्णोद्धार. येथील यात्रेत, नवसात व पंगतीत दारूला कधीही थारा न मिळो आणि कोणत्याही घरच्या डेबूवर आठव्या वर्षी पोरके होण्याची पाळी न येवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.