Explained: पेशाने बॅरिस्टर, एकाच वर्षात पाच सागरी मोहिमा फत्ते; कोण होते मिहीर सेन?

सोलापूर : समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या सोलापूरकरांना लांब पल्ल्याचे सागरी पोहणे हा किनाऱ्यावरच्या लोकांचा खेळ वाटू शकतो. पण या खेळात भारताचे नाव जगभर नेणारे मिहीर सेन हे मुळात वकील होते आणि लांब पल्ल्याच्या पोहण्याचे तंत्र ते शिकले विशीत, तेही लंडनच्या तलावात.

सुरुवात कशी झाली?
सेन यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९३० रोजी पुरुलियात झाला. ओडिशात कायद्याची पदवी घेऊन ते बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला गेले. तिथे अमेरिकेच्या फ्लॉरेन्स चॅडविक यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केल्याचे त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी सराव सुरू केला.

यश लगेच मिळाले का?
नाही. थंडगार पाणी, उलटे प्रवाह आणि खराब हवामान यांमुळे त्यांचे अनेक प्रयत्न फसले. पोहताना सोबतच्या बोटीला हात लावला तरी मोहीम बाद होते. अखेर २७ सप्टेंबर १९५८ रोजी १४ तास ४५ मिनिटांत त्यांनी खाडी पार केली. असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. १९५९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१९६६ मध्ये काय घडले?
- पाल्कची सामुद्रधुनी : ५-६ एप्रिल, २५ तास ३६ मिनिटे
- जिब्राल्टर : २४ ऑगस्ट, ८ तास १ मिनिट
- दार्दानेल्स : १२ सप्टेंबर, १३ तास ५५ मिनिटे
- बॉस्फरस : २१ सप्टेंबर, सुमारे ४ तास
- पनामा कालवा : २९ ते ३१ ऑक्टोबर, ३४ तास १५ मिनिटे

पनामा कालव्याची लांबी सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे सोलापूर-पंढरपूर अंतराहून थोडी जास्तच.

एकट्याच्या बळावर हे शक्य होते का?
हात एकट्याचे असले, तरी सोबत बोट, वाटाड्या, डॉक्टर आणि मोठा खर्च लागतो. पाल्क मोहिमेसाठी पैसा उभा करताना सेन यांची दमछाक झाली. तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मदत केली आणि नौदलाची जहाजे सोबत राहिली. १९६७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

पुढे काय झाले?
पोहणे थांबवून सेन रेशीम निर्यातीच्या व्यवसायात उतरले. तो पुढे कोलमडला. अखेरच्या काळात आजारपणाने त्यांची स्मृतीही हिरावली. ११ जून १९९७ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. तोवर देश त्यांना जवळपास विसरला होता. आज लांब पल्ल्याच्या पोहण्यात उतरणाऱ्या मुलांच्या पालकांसमोरही पहिला प्रश्न खर्चाचाच असतो. सेन यांना मदत मिळाली नसती, तर १९६६ ची ही यादी पाल्कच्या किनाऱ्यावरच अडली असती.