चाळीत झाडलोट करणाऱ्याच्या पोरानं अमेरिकेतल्या नोकरदारांच्या पेन्शनला कायद्याचं कुलूप लावलं

अमेरिकेत नोकरी करणारं कुणी ओळखीचं असेल, तर ४०१(के) हे नाव कानावर आलंच असेल. पगारातून पैसे कापून साठवायचे, टॅक्स नंतर भरायचा. पण हे पैसे कायमचे तसेच ठेवता येत नाहीत. ठरावीक वयानंतर दरवर्षी थोडी रक्कम काढावीच लागते, गरज असो वा नसो.

या व्यवस्थेमागच्या कायद्याचा विषय निघाला की नाव येतं जेकब जाविट्स यांचं.

जन्म १९०४ चा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधला. ज्यू स्थलांतरितांचं घर. वडील चाळीची झाडलोट करायचे, आई हातगाडीवर माल विकायची. जेकब दिवसा काम करून रात्रीच्या वर्गांना जायचे. १९२६ ला कायद्याची पदवी घेतली, १९४७ ला काँग्रेसमध्ये पोहोचले आणि १९५७ पासून २४ वर्षं सिनेटर राहिले. पक्ष रिपब्लिकन, पण बाजू बऱ्याचदा कामगारांची. त्यामुळे स्वतःच्याच पक्षातले लोक त्यांच्यावर नाराज असायचे.

डिसेंबर १९६३ मध्ये स्टुडबेकर या मोटार कंपनीनं साउथ बेंडचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं. पेन्शन फंडात पुरेसा पैसाच नव्हता. साठी ओलांडलेल्यांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळिशी-पन्नाशीतल्या सुमारे ४ हजार कामगारांच्या हातावर हक्काच्या रुपयातले जेमतेम पंधरा पैसे टेकवले गेले. त्याहून तरुण असलेल्यांना काहीच नाही. आणि यात बेकायदेशीर असं काही नव्हतं, कारण तसा कायदाच नव्हता.

१९६७ ला जाविट्स यांनी पेन्शन सुधारणेचं विधेयक आणलं. कंपन्यांचा विरोध होता. सात वर्षं गेली. शेवटी सिनेटमध्ये ८५ विरुद्ध शून्य मतांनी कायदा पास झाला आणि २ सप्टेंबर १९७४ ला, कामगार दिनी, नवे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सही केली. हाच तो एरिसा. पेन्शन बुडाली तर विमा देणारी सरकारी संस्था यातूनच उभी राहिली.

याच कायद्यात आयआरए हे वैयक्तिक निवृत्ती खातं आलं, आणि साडेसत्तर वर्षांचे झालात की पैसे काढायला लागा, ही अटही. हिशेब सरळ आहे. सवलत म्हातारपणासाठी दिली होती, वारसांसाठी टॅक्स न भरता साठवायला नाही.

१९७९ ला जाविट्स यांना एएलएस हा स्नायू निकामी करणारा आजार असल्याचं निदान झालं. तरीही १९८० ला ते उभे राहिले आणि पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. पुढे व्हीलचेअर आली, तरी भाषणं चालूच होती. ७ मार्च १९८६ ला ते गेले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवा करकायदा आला. कंपनीच्या प्लॅनलाही साडेसत्तरची अट सरसकट लागू झाली आणि न काढलेल्या रकमेवर ५० टक्के दंड बसला. आता वय ७३ आहे, २०३३ पासून ७५ होईल. दंड २५ टक्क्यांवर आलाय. ७३ व्या वर्षी खात्यातल्या रकमेला साधारण २६.५ नं भागायचं, म्हणजे १ लाख डॉलर असतील तर ३,७७४ डॉलर काढायचे. नोकरी चालू असेल आणि कंपनीत ५ टक्क्यांहून जास्त मालकी नसेल, तर त्या कंपनीच्या प्लॅनमधून सहसा निवृत्तीपर्यंत थांबता येतं. भारतात परत आलेल्यांना मात्र केवळ देश सोडला म्हणून सूट मिळत नाही.