परभाषेचे विद्यार्थी : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

चाकण, भोसरी व चिंचवड या बाजूच्या मंडळ्यांत उपासनेस गेलो म्हणजे अगदी मागे बसलेले काही तरुण आमच्या दृष्टीस पडतात. ओडिशा, झारखंड, तामिळनाडू अशा दूरच्या प्रांतांतून ते कारखान्यांतील कामासाठी आलेले असतात. गीत चालू असता ते ओठ हालवितात. उपदेश सुरू झाला की खाली पाहत बसतात. एके ठिकाणी आम्ही याविषयी उपदेशकाजवळ गोष्ट काढली, तेव्हा त्यांनी आधी मराठी शिकावी, मग सर्व समजेल, असे त्याने उत्तर दिले. घरी येताना आम्हांस सोलापूरच्या एका डॉक्टरांचे स्मरण झाले. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

एक गोष्ट आरंभीच सांगणे बरे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे ख्रिस्ती नव्हते. आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १९४२ साली, ते चीन देशातील साम्यवादी पक्षाचे सभासद झाले, की जो पक्ष देवास मानीत नाही. हे आम्ही झाकून ठेवीत नाही. परंतु आमच्या प्रभूने दाखला सांगताना जखमी मनुष्याची शुश्रूषा करणारा म्हणून शोमरोनीच निवडला, हे वाचकांस ठाऊक आहे.

कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील तेथील कापडगिरणीत नोकरीस होते. मुलाने मुंबईस शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन डॉक्टरीची पदवी मिळविली. इतक्यात १९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंस पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले, आणि पुढील वर्षी सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असता अटल, चोळकर, मुखर्जी, बसू व कोटणीस अशा पाच डॉक्टरांचे पथक सप्टेंबर महिन्यात मुंबईहून आगबोटीने निघाले. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होत होते.

डॉक्टर म्हणून निघालेला हा तरुण चीनच्या भूमीवर पाऊल ठेविताच पुन्हा विद्यार्थी झाला. चिनी भाषा म्हणजे काय, याची आमच्या वाचकांस थोडी कल्पना दिली पाहिजे. तिला आपल्यासारखी बाराखडी नाही. शब्दाशब्दासाठी निराळी चिन्हे असून साधे वर्तमानपत्र वाचावयाचे तरी ती काही हजार ओळखावी लागतात. याहून कठीण गोष्ट स्वराची. मा हा एकच उच्चार आवाज सपाट ठेविला तर आई, चढविला तर ताग, खाली नेऊन वर आणिला तर घोडा, आणि झटक्याने उतरविला तर शिवी देणे, असे अर्थ देतो. नवशिक्याची किती फजिती होत असेल! रॉबर्ट मॉरिसन हा मिशनरी १८०७ साली कँटन येथे पोहोचला, तेव्हा परक्यास ही भाषा शिकविणाऱ्या चिनी मनुष्यास देहांताची भीती असे. तरी त्याने ती साधिली, आणि विल्यम मिल्न याच्या साहाय्याने सबंध पवित्र शास्त्र १८२३ साली चिनी भाषेत छापून पुरे केले. आपल्या मराठीसाठीही गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस उतरले, तेव्हा त्यांस आपल्या लोकांपुढे मुलांसारखे बसूनच बोलावयास शिकावे लागले. हे आपण फार लवकर विसरतो.

चुंगकिंग शहरी असता कोटणीस यांस वडील वारल्याची बातमी पोहोचली. परत फिरावे तर कोणी दोष दिला नसता. ते फिरले नाहीत. योग्य केले किंवा नाही, हे ठरविणे आम्हांस सोपे वाटत नाही. मागे घरी शोक करणारी माणसे होती, आणि पुत्रधर्म ही लहान गोष्ट नव्हे. १९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनान येथे पोहोचले. तेथे डोंगराच्या मातीत कोरलेल्या गुहांतून माणसे राहत व दवाखानेही त्यांतच असत. पुढे साथीदार एकेक करून स्वदेशी परतले. कोटणीस राहिले, व उत्तरेकडील रणभूमीवर गेले. तेथील जखमी शिपाई बहुतेक खेड्यांतील शेतकरी, आणि त्यांची बोली दर जिल्ह्यास निराळी.

त्याच प्रदेशात त्यांच्या आधी नॉर्मन बेथून या कॅनडातील शस्त्रवैद्याने काम केले होते. तो प्रेस्बिटेरियन पाळकाचा मुलगा. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटास जखम होऊन रक्तात विष भिनले व १९३९ च्या नोव्हेंबरात तो मरण पावला. त्याची सेवा थोर होती, परंतु दुभाष्यावाचून त्याचे चालत नसे. दुभाष्या असला म्हणजे शब्द पोहोचतात. पण रात्री दुभाष्या निजल्यावर जखमी मनुष्य कण्हत काही पुटपुटतो, ते कोणास समजावे? कोटणीस यांनी भाषा इतकी आत्मसात केली की बेथूनच्या नावे असलेल्या वैद्यकीय शाळेत ते विद्यार्थ्यांस चिनीतूनच शिकवू लागले. १९४१ च्या जानेवारीत बेथून रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांजकडे आले. त्या पर्वतप्रदेशात चिनी विद्यार्थ्यांस उपयोगी पडतील अशी पुस्तके मिळणे कठीण, म्हणून शस्त्रक्रियेवरील ग्रंथ त्यांनी स्वतःच लिहावयास घेतला. ज्याला चार वर्षांपूर्वी मा या शब्दाचे चार अर्थ ठाऊक नव्हते त्याने हे करावे! त्यांचे चिनी नाव के दिहुआ असे पडले. त्यातील हुआ म्हणजे चीन.

१९४१ च्या नोव्हेंबरात को छिंगलान नामक परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे हिंदुस्थान व चीन, असे ठेविले. बाळ चार महिन्यांचेही झाले नव्हते. कोटणीस यांस अपस्माराचे झटके येऊ लागले होते, तरी विश्रांती त्यांनी घेतली नाही, व ९ डिसेंबर १९४२ रोजी हपै प्रांतातील एका खेड्यात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. शस्त्रक्रियेवरील दुसरा ग्रंथ लिहिणे चालू होते. तो अर्धाच राहिला.

त्यांचे जीवन १९४६ साली व्ही. शांताराम यांनी चित्रपटाद्वारे लोकांपुढे मांडिले, त्यामुळे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्या भाषेसाठी त्यांनी केलेल्या श्रमांची गोष्ट फारसे कोणी काढीत नाही. मुलगा यिनहुआ १९६७ साली, ऐन तारुण्यात, निवर्तला. पत्नी मात्र दीर्घायुषी झाली. कोटणीसांच्या आप्तांशी तिने संबंध ठेविला व २०१२ साली ती वारली. सोलापुरात कोटणीसांच्या घरी आता त्यांचे स्मारक आहे. आमच्या मंडळ्यांतील कोणी त्या बाजूस गेल्यास ते अवश्य पाहून यावे, आणि वर सांगितलेल्या उपदेशकासही बरोबर न्यावे.