चुन्यांत दडलेला धातु : सर हंफ्री डेव्ही

घराच्या भिंतींस सफेती देण्यासाठीं आणलेली चुनकळी पाण्यांत टाकली म्हणजे ती सळसळते, पाणी कढूं लागतें व वाफ निघते, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. परंतु त्या पांढऱ्या कळीच्या पोटीं चांदीसारखा चकाकणारा एक धातु दडलेला आहे, असें कोणी सांगितल्यास एकाएकीं विश्वास बसणार नाहीं. तो धातु १८०८ सालीं ज्यानें प्रथम मोकळा केला, त्या सर हंफ्री डेव्हीचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास कॉर्नवॉल परगण्यांतील पेन्झन्स गांवीं ता. १७ डिसेंबर १७७८ रोजीं हंफ्रीचा जन्म झाला. बाप लांकडावर नक्षीकाम करणारा कारागीर होता. पांच भावंडांत हंफ्री सर्वांत वडील. १७९४ सालीं बाप कर्ज मागें ठेवून वारला आणि पुढच्याच वर्षीं हंफ्रीस गांवांतील एका शस्त्रवैद्याच्या हाताखालीं उमेदवारीस ठेवण्यांत आलें. विद्यापीठाचें शिक्षण त्याच्या वाट्यास आलें नाहीं. औषधाच्या बाटल्यांच्या संगतींत, लाव्हाझिए या फ्रेंच पंडिताचा ग्रंथ वाचून, तो रसायनशास्त्र आपलें आपणच शिकला. १७९८ सालीं ब्रिस्टल येथें डॉ. बेडोज यांच्या संस्थेंत त्यास काम मिळालें. निरनिराळे वायु हुंगवून रोग बरे होतात कीं काय, हें पाहण्यासाठीं ती संस्था निघाली होती. तेथें त्यानें नायट्रस ऑक्साइड हा वायु स्वतः हुंगून पाहिला व शस्त्रक्रियेच्या वेळीं वेदना शमविण्यास त्याचा उपयोग होईल, असें १८०० सालीं लिहून ठेविलें. १८०१ सालीं तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें दाखल झाला.

चुना, मॅग्नेशिया व बरायटा या मृत्तिका मूलद्रव्यें नसून धातु व प्राणवायु यांचे संयोग असावेत, अशी शंका लाव्हाझिएनें १७८९ मध्येंच प्रकट केली होती. परंतु कोणत्याही भट्टीच्या आंचेनें त्यांतील प्राणवायु निघेना. १८०० सालीं व्होल्टानें आपला विद्युद्घट जगापुढें मांडला आणि डेव्हीच्या हातीं नवें हत्यार आलें. १८०७ च्या ऑक्टोबरांत त्यानें वितळलेल्या पोटॅशमधून विद्युत्प्रवाह सोडून पोटॅशियम धातु वेगळा केला, व थोड्याच दिवसांत सोडियमही मिळविला. त्यानंतर मोठ्या दुखण्यानें त्यास अंथरुणास खिळविलें.

बरा होतांच तो चुन्याकडे वळला. पण चुना पोटॅशप्रमाणें वितळेना. तो ओलसर करून त्यांतून प्रवाह सोडावा, तर जो धातु निघे तो निघतां निघतांच पाण्याशीं व हवेशीं संयोग पावून पुन्हां चुना होई. अनेक युक्त्या करूनही हातीं कांहीं लागेना.

अशा वेळीं, जून महिन्यांत, स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथून बर्झेलियस या रसायनज्ञाचें पत्र आलें. त्यानें व त्याचा मित्र पाँटिन यानें विद्युद्घटाच्या ऋण टोंकास पारा जोडून हाच प्रयोग केला होता. मोकळा होणारा धातु पाऱ्यांत विरघळून जाई व तेथें त्याचें रक्षण होई. डेव्हीनें ही युक्ति तत्काळ उचलली. ओलसर चुन्यांत पाऱ्याचें तांबडें भस्म मिसळून तें त्यानें प्लॅटिनमच्या पत्र्यावर ठेविलें, मध्यें खळगी करून तींत पाऱ्याचा थेंब सोडला, वर नॅफ्था तेलाचा थर दिला आणि प्रवाह चालू केला. पुढें तो पारा कांचेच्या नळींत तापवून उडवून लाविला. एकदां नळी गरम असतांनाच फुटली, हवा आंत शिरली, आणि चांदीच्या तेजाचा तो धातु लख्ख पांढऱ्या प्रकाशानें जळून त्याची पुन्हां चुनकळी झाली!

याच रीतीनें चार नवे धातु उजेडांत आले. चुन्यांतील तो कॅल्शियम, बरायटांतील तो बेरियम, स्कॉटलंडांतील स्ट्रॉन्शियन गांवच्या खनिजांतील तो स्ट्रॉन्शियम, आणि मॅग्नेशियांतील तो मॅग्नेशियम. ता. ३० जून १८०८ रोजीं रॉयल सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत डेव्हीनें बर्झेलियसच्या पत्राचा उल्लेख स्पष्टपणें केला. या धातूंचे त्यास मिळालेले अंश अगदींच अल्प होते. कॅल्शियम व स्ट्रॉन्शियम बऱ्या प्रमाणांत मिळविण्याचें श्रेय १८५५ सालीं बुन्सेन व मॅथिसेन यांस लाभलें.

१८१२ सालीं डेव्हीस सर ही पदवी मिळाली. १८१३ मध्यें त्यानें फॅरडे नांवाच्या एका गरीब बुकबाइंडरास आपला मदतनीस नेमिलें. १८१५ सालीं खाणींतील स्फोट टाळण्यासाठीं त्यानें तारेच्या जाळीचा दिवा तयार केला आणि मजुरांच्या जिवासाठीं काढलेल्या त्या शोधाचें पेटंट घेण्याचें नाकारलें. १८२० सालीं तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. परंतु १८२४ मध्यें त्याच फॅरडेचें नांव सभासदत्वासाठीं पुढें आलें, तेव्हां गुरूनेंच विरोध केला. फॅरडे निवडून आला. डाग मात्र गुरूच्या नांवास लागला. ता. २९ मे १८२९ रोजीं जिनीव्हा येथें, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, डेव्हीनें देह ठेविला.

हा डाग आम्ही झांकून ठेवीत नाहीं. एकोणतीस वर्षांच्या कीर्तिमान् डेव्हीनें, ज्यास कधीं पाहिलेंही नव्हतें अशा परदेशीयाची युक्ति घेतली आणि त्याचें ऋण चारचौघांत मान्य केलें. त्यामुळें अडलेलें काम पार पडलें. सोळा वर्षांनंतर घरच्याच शिष्याची वाढ मात्र त्यास पाहवली नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, शेजारच्या बांकावरील सोबत्यानें गणिताची सोपी रीत काढली, तर ती आनंदानें शिकून घ्या व ती कोणाची हें मोकळेपणानें सांगा. आणि वडील माणसांनो, आपण हात धरून शिकविलेलें मूल आपल्या पुढें जाऊं लागेल, त्या दिवशीं आपणांस डेव्हीची आठवण व्हावी.